ढाळ सहा इंच

१२ फेब्रुवारी, सोमवार

अथालच्या शाळेचं अंगण आजपासून माझ्याकडे. आमच्या आर्किटेक्ट-ऑफिसच्या वैशालीमॅडम म्हणाल्या, "रोहिणी, ड्रॉइंग माझं आहे. पण जमिनीवर काही चुकलं तर तिथे तू होतीस." त्या सहज बोलल्या. मी सहज घेतलं नाही.

अंगण साठ फूट लांब. एका टोकाला वर्गांच्या पायऱ्या, दुसऱ्या टोकाला पावसाचं पाणी नेणारा चर, मध्ये मोहाचं मोठं झाड. पायऱ्यांपासून चरापर्यंत सहा इंच ढाळ द्यायचा. फरशी काळ्या दगडाची, पण कोरडी: खाली ठोकून बसवलेला मुरूम, त्यावर खडी, त्यावर दोन इंच कच म्हणजे दगडाचा बारीक चुरा, मग दगड, आणि सांध्यांत वाळू. सिमेंट कुठेही नाही. सिमेंट घातलं तर मोहाच्या मुळांना हवा-पाणी मिळणार नाही. ठेकेदार सुमितभाईंना हे अजून पटलेलं नाही. "मॅडम, सिमेंट के बिना म्हणजे पापड सुकवायला ठेवल्यासारखं."

१४ फेब्रुवारी, बुधवार

गवंडी बारकूभाऊ, साक्री तालुक्यातले. बारा वर्षं इकडे वापीच्या बाजूला आहेत. बायको पुतळाबाई त्यांच्याबरोबर कामावर असते, मुरूम ठोकायची जड धुम्मस तीच मारते आणि एका लयीत मारते. दोघं अथालमध्येच खोली घेऊन राहतात.

बारकूभाऊ दोरी बांधतात, मग पायरीपाशी उकिडवे बसतात, एक डोळा मिटतात आणि बराच वेळ बघत राहतात. मापाचं हत्यार फक्त काटकोन बघायचा गुणिया आणि हातभर लाकडी पट्टी. मी विचारलं, ढाळ कसा ठरवता? म्हणाले, "दिसतो, ताई."

पुतळाबाई म्हणाली, "यांचं असंच. एक डोळा झाकून काम, दुसरा झाकून संसार."

मी हसले. नंतर वाटलं, हसायला नको होतं, मी साईटवर ऑफिसची माणूस आहे.

२० फेब्रुवारी, मंगळवार

'दिसतो' हे उत्तर सहा दिवस डोक्यात आहे. शेवटी बाबांना सांगितलं. त्यांनी माळ्यावरून त्यांची नळी काढून दिली. सत्तर फूट लांबीची पाण्याची पारदर्शक नळी. आता पारदर्शक म्हणणं बरोबर नाही, पिवळट झाली आहे. बाबा सरकारी ओव्हरसियर होते तेव्हा रस्त्याच्या कामांवर तीच वापरायचे. नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन जागी उभी धरायची. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येतं, त्यावरून जमीन किती खाली-वर ते कळतं.

दम्यामुळे मला नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत घातलं नव्हतं. आईने वाचायला शिकवलं, बाबांनी मोजायला. मला पहिलं शुद्धलेखन बाबांनीच घातलं होतं: 'डोळा फसतो, पाणी फसत नाही.' त्यामागची गोष्ट आज जेवताना त्यांनी पुन्हा सांगितली. मला ती पाठ आहे, तरी लिहून ठेवते.

खानवेलच्या रस्त्यावर मोरी बांधायची होती, रस्त्याखालून पावसाचं पाणी पलीकडे नेणारी. चिंधा नावाचा गवंडी फार नावाजलेला होता, सगळं नजरेने करायचा. बाबा दुपारी जेवून उठले, जीपच्या टपावर सकाळपासून पडलेली नळी उतरवली आणि ढाळ मोजला. तो उलटा निघाला. चिंधा म्हणाला, साहेब, माझा बरोबर आहे. बाबांनी त्याला कामावरून काढला आणि दुसऱ्याकडून नळीप्रमाणे मोरी बांधून घेतली. पुढच्या पावसात ती तुंबली खरी, पण ते गाळामुळे.

"माणूस वाईट नव्हता," बाबा म्हणाले. "पण नजरेवर काम सोडायचं नसतं."

२७ फेब्रुवारी, मंगळवार

आज सविस्तर लिहायला हवं.

सकाळी आठला साईटवर नळी भरली, दोन्ही टोकं जवळ आणून तपासली. पाणी दोन्हीकडे सारखं. साईट-रजिस्टरमध्ये लिहिलं: 'नळी तपासली, ठीक.' मग मुख्याध्यापकांनी बोलावलं. त्यांना मोहाभोवती कठडा हवा आहे. त्यांचं बोलणं संपायला पाऊण वाजला. तोवर नळी अंगणात तशीच अंथरलेली होती, मोहाच्या उघड्या मुळावरून पलीकडे गेलेली.

एक टोक पायरीपाशी पुतळाबाईला धरायला दिलं, दुसरं चरापाशी मी धरलं. कच अंथरून झाला आहे, दगड अजून बसवायचे आहेत. ढाळ सहा इंच हवा होता. नळीवर साडेबारा इंच आला. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा साडेबारा. पुतळाबाई म्हणाली, नळी मधी पांढरी दिसते. मी म्हटलं, जुनी आहे.

सहाच्या जागी साडेबारा म्हणजे पावसात त्या दगडांवरून पळणारी मुलं घसरतील. बारकूभाऊंना सांगितलं, चराकडची बाजू साडेसहा इंच उचला.

ते पुन्हा पायरीपाशी उकिडवे बसले. त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "ताई, सहाच शे. वर नई, खाली नई."

"मी मोजलंय, बारकूभाऊ."

"मोजा. पण एवढं उचललं ना, तर पाणी पोरांच्या वर्गात शाळा शिकायले जाईल."

पुतळाबाई हातातलं टोक खाली ठेवत म्हणाली, "आमचा डोळा कच्चा, यांची नळी पक्की. मंग दगड पण नळीच लावील."

मला राग आला नाही. निदान तेव्हा तरी. उलट बरं वाटलं, कारण नेमकं हेच होणार हे मला लहानपणापासून माहीत होतं.

२८ फेब्रुवारी, बुधवार

बारकूभाऊंनी उचलायला नकार दिला. मोठ्याने नाही. फक्त थापी धुतली आणि झाडाखाली जाऊन बसले. ऑफिसमधला रोहन म्हणाला, आपल्या वासोण्याच्या साईटवर पातळी मोजायचा लेसर आहे, तो परवा आणतो. मी म्हटलं गरज नाही, तीनदा मोजलंय.

रजिस्टरमध्ये नोंद केली: 'गवंडी बारकू यांनी ढाळ साडेसहा इंच जास्त दिला आहे. दुरुस्तीस नकार.' ही नोंद बारकूभाऊंना वाचून दाखवली, कारण एखाद्याबद्दल त्याच्यामागे लिहिणं बरं नाही. ते म्हणाले, "लिहा."

२ मार्च, शनिवार

सुमितभाईंनी बारकूभाऊंना काढलं. मी काढा म्हटलं नव्हतं. पण नोंद माझी होती, तेव्हा 'मी म्हटलं नव्हतं' हे खरं असलं तरी पुरेसं नाही. सोमवारपासून दुसरी टोळी येईल.

७ मार्च, गुरुवार

नव्या टोळीने कच उचलून नळीप्रमाणे केला, दगड बसत आले. काही विचारत नाहीत, सांगितलं तेवढं करतात. दिवसभरात मला कुणी एकदाही अडवलं नाही. कामाला वेग आहे.

मोहाची फुलं गळायला लागली आहेत. सकाळी दगडांवर पडलेली असतात. एरवी पुतळाबाईने वेचली असती.

१२ मार्च, मंगळवार

आज सांध्यांत वाळू भरून झाली. वाळू बसावी म्हणून पाइपने पाणी मारायचं असतं. मी पायरीवर उभी होते.

पाणी मोहापर्यंत गेलं, थांबलं, आणि हळूहळू मागे आलं. त्यावर मोहाची फुलं तरंगत होती. ती सगळी माझ्या पायाशी, पायरीला येऊन लागली. चराकडे एकही गेलं नाही.

टोळीतला एकजण म्हणाला, "मॅडम, पानी तो वापस आ गया."

मी म्हटलं, वाळू बसेल मग जाईल. हे खोटं होतं. बोलताना मला ते खोटं वाटलं नव्हतं, असं लिहायला बसले होते, पण वाटलं होतं.

१३ मार्च, बुधवार

रजा घेतली. २७ फेब्रुवारीचं पान चारदा वाचलं. सगळं त्यातच लिहिलेलं आहे. सकाळी आठला तपासली. पाऊण वाजता मोजलं. मध्ये पावणेपाच तास नळी उन्हात. मुळावरून गेलेली. मध्येच पांढरी दिसते.

गच्चीवर नळी भरली. बादली उपडी ठेवून तिच्यावरून नेली, मोहाच्या मुळासारखी. उन्हात तशीच ठेवली. दुपारी बघितलं तर पाण्यातून हवा सुटून बादलीवरच्या उंचवट्यात गोळा झालेली, वीतभर लांब, पांढरी. दोन्ही टोकं जवळ आणली. पाण्यात पाच इंचांचा फरक.

नळी टिचकी मारून झटकली, हवा वर निघून गेली. फरक शून्य.

म्हणजे तीनदा मोजलं ते तीनदा तीच चूक मोजली. मोजायच्या आधी टोकं पुन्हा जुळवायला एक मिनिट लागलं असतं. जुळवली नाहीत, कारण 'तपासली, ठीक' असं मीच लिहून ठेवलं होतं.

१४ मार्च, गुरुवार

बाबांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. बुडबुड्याचं सांगितल्यावर पेपर खाली ठेवला.

"नळी उन्हात होती?"

"हो. पाच तास."

"आणि मधे उंचवटा."

"मुळाचा."

त्यांनी चष्मा काढून पेपरावर ठेवला. मला वाटलं आता रागावतील, त्यांची शिकवण मी अर्धीच पाळली म्हणून. पण म्हणाले, "तुझी फरशी कोरडी आहे ना?"

"हो."

"मोरी सिमेंटची होती," ते म्हणाले, आणि उठून बागेतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेले. कुंड्यांना आईने सकाळीच घातलं होतं. मोरीचा इथे काय संबंध ते कळलं नाही. वयाने विषय भरकटतात.

१५ मार्च, शुक्रवार

सुमितभाईंना साईटवर बोलावलं. त्यांनी पाणी बघितलं, हसले. "अरे, यात काय टेन्शन! पायरीला लागून एक जाळीवाली गटर मारून देतो. पाणी आलं तर तिथून बाहेर. किसी को पता नहीं चलेगा, तुमच्या मॅडमला पण नाही."

मी म्हटलं, पण बारकूभाऊ बरोबर होते.

"तो तर गेला. नवीन टोळी पण उद्या वापीला जाते. दोघांतलं कुणाचं पण नाव लिहा."

"बारकूभाऊ आता कुठे कामाला आहेत?"

"मजुरांच्या नाक्यावर उभा राहतो. गवंडी म्हणून कोण घेणार? सगळ्यांना माहिती आहे, ढाळ चुकवला म्हणून काढला." ते त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं. माझ्या नोंदीचा फोटो फोनवर काढून ठेवला होता त्यांनी.

गटरीचा उपाय वाईट नाही, हे लिहायला हवं. पाणी खरंच निघेल. मुलं घसरणार नाहीत. मॅडम मला वासोण्याचं काम देणार आहेत, ते जाणार नाही. बाबांनाही कुणी काही विचारणार नाही. दोन तास मी गटरीच्या बाजूने विचार केला आणि प्रत्येक मुद्दा बरोबर होता. फक्त त्यात बारकूभाऊ कुठेच बसत नव्हते.

१६ मार्च, शनिवार

वैशालीमॅडमना सांगितलं. बुडबुडा, वेळ, रजिस्टर, लेसर नाकारला तेही. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "ही चूक कुणी पकडली का?"

"नाही."

"मग आज का सांगतेस?"

"होळीला बारकूभाऊ आणि पुतळाबाई गावी जातील. परत येतीलच असं नाही."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. म्हणाल्या, "दगड उचलून पुन्हा बसवायचे. मुख्याध्यापकांशी मी बोलते. वासोणा रोहन बघेल. तू काही महिने ऑफिसमध्ये ड्रॉइंग कर." मग म्हणाल्या, "अंगण मात्र तूच पुरं कर."

बाथरूममध्ये जाऊन रडले. पाच मिनिटं, जास्त नाही.

१७ मार्च, रविवार

अथालला गेले. बारकूभाऊंची खोली एका कारखान्याच्या कुंपणाला लागून आहे. पुतळाबाई दारात भांडी घासत होती. मला बघून उठली नाही.

"बसा ताई. नळी आणली का?"

बारकूभाऊ आत होते, बाहेर आले. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तयारी करून गेले होते, तरी मधलं एक वाक्य दोनदा बोलले.

त्यांनी विचारलं, "पाणी पायरीले आलं?"

"आलं."

"किती?"

"अर्धा इंच उलटा ढाळ आहे."

त्यांनी मान हलवली, जणू त्यांचाही हिशेब तेवढाच होता. पुतळाबाई मात्र गप्प बसली नाही. "पंधरा दिवस झाले, यांले घमेलं उचलाया लावतात. बारा वर्सांचा गवंडी बिगारी केला तुमच्या कागदानं. तोंडानं आता गोड बोलून काय व्हतं?"

"काय करू, सांगा."

"जिथं लिहिलं तिथंच लिहा. त्याच वहीत. अन् सुमितभाईले त्याचा पण फोटो काढाया सांगा."

बारकूभाऊ म्हणाले, "बस कर. चहा टाक."

"टाकते. पण लिहून घ्या आधी."

चहा प्यायले. त्यात आलं फार होतं. निघताना विचारलं, काम पुन्हा कराल का? बारकूभाऊ म्हणाले, "सिमेंटचं असतं तर फोडावं लागलं असतं. कोरडं शे, काढायचं, लावायचं." येतो की नाही ते सांगितलं नाही.

१८ मार्च, सोमवार

रजिस्टरमध्ये २८ फेब्रुवारीच्या नोंदीखाली जागा होती तिथेच लिहिलं: 'वरील नोंद चूक आहे. गवंडी बारकू यांनी दिलेला ढाळ बरोबर सहा इंच होता. चूक माझ्या मोजणीची, नळीत हवा होती. रोहिणी.' सुमितभाईंना फोटो काढायला सांगितला. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही पण कमाल आहात." काढला. माझ्यासमोर नाक्यावरच्या तिघा ठेकेदारांना पाठवायला लावला. ते करताना माझा आवाज जरा चढला होता.

२८ मार्च, गुरुवार

होळी होऊन तीन दिवस झाले. मी साडेसातलाच साईटवर होते. आठपर्यंत कुणी नाही. सव्वाआठला पुतळाबाई फाटकातून आली, डोक्यावर धुम्मस. मागून बारकूभाऊ. त्यांनी पिशवी मोहाखाली ठेवली. चराकडून दगड काढायला सुरुवात झाली.

दुपारी मी नळी काढली तेव्हा बारकूभाऊंनी हात पुढे केला. दोन्ही टोकं स्वतः जवळ आणली, पाणी बघितलं, मग मला दाखवलं. दर वेळी मोजायच्या आधी हेच करतात. दिवसभरात नऊ वेळा केलं. त्यात टोमणा आहे की काळजी ते ठरवता येत नाही.

पुतळाबाई म्हणाली, "आता बघा, दोघं मिळून एक डोळा झाला."

३० मार्च, शनिवार

पाणी मारलं. गेलं. मोहाची फुलं थेट चरात. काही सांध्यांत अडकली, ती पुतळाबाईने वेचून ओच्यात घेतली. रोहनने हट्टाने लेसर लावला. सहा इंच, दोन सूत म्हणजे पाव इंच कमी. बारकूभाऊ म्हणाले, "दोन सूत कुठं गेलं?" आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले.

सुमितभाईंनी त्यांना वासोण्याच्या कामावर गवंडी म्हणून घेतलं आहे. मी तिथे नसेन.

३१ मार्च, रविवार

बाबांनी नळी मागितली. गच्चीवर नेऊन पाणी भरलं, पाण्याच्या टाकीच्या पाइपावरून आडवी टाकली आणि उन्हात खुर्ची घेऊन बसले. आई दोनदा जेवायला बोलवून आली. मी म्हटलं, बाबा, मी हे करून बघितलंय, पाच इंच फरक येतो. ते म्हणाले, "हो, सांगितलंस तू."

दोन वाजता त्यांनी दोन्ही टोकं जवळ धरली. बराच वेळ धरून होते. त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल. मोजण्याच्या बाबतीत ते कुणावर विश्वास ठेवत नाहीत, मीही त्यांच्यावरच गेले आहे.

जेवताना आईला विचारलं, "चिंधा खानवेललाच असेल का अजून?"

आई म्हणाली, "सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली. आज कसा आठवला?"

"असाच."

१ एप्रिल, सोमवार

सकाळी बाबा खानवेलच्या बसने गेले. नळी गुंडाळून पिशवीत घेतली होती. मी म्हटलं, तिथे कशाला? म्हणाले, दाखवायची आहे. कुणाला, ते विचारायचं राहिलं, मला ऑफिसला उशीर होत होता.

संध्याकाळी परत आले. पायांवर धूळ होती. आई म्हणाली, भेटला का?

"मुलगा भेटला," बाबा म्हणाले. "कारखान्यात पॅकिंगला आहे. गवंडीकाम नाही करत. म्हणाला, वडिलांनी शिकवलंच नाही."

"आणि चिंधा?"

बाबांनी मान हलवली. "नाही राहिला." मग म्हणाले, "मोरी बघून आलो. अजून तुंबते. लोक पावसात वरून दगड टाकून जातात."

जेवले नाहीत. पोटात बरं नाही म्हणाले, उन्हातून फिरल्याने झालं असेल. आईने ताक दिलं. नळी तिकडेच राहिली. मी म्हटलं, बाबा, विसरलात? म्हणाले, "नाही."

मला उद्या नवीन नळी घ्यायला हवी. सत्तर फूट, स्वच्छ पारदर्शक. दुकानातच पाणी भरून दोन्ही टोकं जुळवून घेईन.